काटेरी निक्षेप

मत्स्यन्याय हा शब्द आम्ही वकील मंडळी वारंवार वापरतो. धनको ऋणकोला लुबाडू लागला, मोठा जमीनदार धाकट्या शेजाऱ्याच्या बांधावर चढू लागला, की कैफियतीत नाही तरी तोंडी युक्तिवादात हा शब्द हमखास येतो. कौटिल्याने तर राजसत्तेची उत्पत्तीच या शब्दावरून सांगितली आहे. मोठे मासे लहान माशांना गिळतात त्याप्रमाणे बलवान दुर्बलांना गिळू लागले, तेव्हा गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला आपला राजा केले, असे अर्थशास्त्रात म्हटले आहे. शब्द इतका जुना आणि इतका सोयीचा आहे की, तो उच्चारताना कोणा वकिलाच्या डोळ्यांपुढे खरा मासा उभा राहत असेल असे वाटत नाही. आमच्या डोळ्यांपुढे मात्र गेली चार वर्षे एक मासा उभा आहे. आणि गंमत अशी की, तो या न्यायाला अपवाद असलेला मासा आहे. त्याला गिळणे मोठ्या माशालाही सोपे नाही.

त्याचे इंग्रजी नाव पॉर्क्युपाइन फिश. आपण त्याला साळिंदरमासा म्हणू. शास्त्रज्ञ त्याला डायोडॉन होलोकँथस म्हणतात. डायोडॉन म्हणजे दोन दातांचा. वरचे दात एकमेकांना जुळून एक पट्टी झालेली आणि खालच्यांची दुसरी, त्यामुळे त्याचे तोंड पोपटाच्या चोचीसारखे दिसते. आपल्या किनाऱ्यावर जे केंड मासे झुंडीने येऊन जाळी कातरतात आणि रांपणकारांच्या शिव्या खातात, त्यांचा हा काटेरी चुलतभाऊ. अंगावर तपकिरी ठिपके, पोट पांढरे, डोके अंगाच्या मानाने मोठे, आणि डोळे तर त्याहूनही मोठे. उजेड पडला की त्या डोळ्यांत निळ्याहिरव्या रंगाची बारीक चूर्णे चमकतात. पाठीमागे सरळ मिटलेले लांब काटे पाहून प्रथमदर्शनी कोणाला त्याची भीती वाटत नाही. भीती वाटावी असा त्याचा चेहराही नाही. एखाद्या भोळ्या, थोड्या चिंतातुर गृहस्थासारखा तो काचेशी येऊन समोरच्याकडे पाहत राहतो.

हा मासा आम्ही विकत घेतलेला नाही. आमचा भाचा येथे शिकत असताना त्याने हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. पुढे त्याला हैदराबादेस नोकरी लागली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, भाड्याच्या दोन खोल्यांत ही टाकी नेणे शक्य नव्हते. जाताना तो म्हणाला, "मामा, तुम्ही सांभाळा. मी घर घेतले की नेईन." एवढ्या बोलण्याने आमच्या व्यवसायाच्या भाषेत एक करार पूर्ण झाला. मनुस्मृतीने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानानंतर दुसरे पद निक्षेपाचे आहे. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली ठेव. 1872 च्या करार कायद्याच्या 151 व्या कलमानेही ठेव सांभाळणाऱ्यावर हेच बंधन घातले आहे की, सामान्य समजूतदार मनुष्य स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी त्याने या ठेवीची घ्यावी. दागिन्यांची पेटी असती तर कपाटाला कुलूप लावून काम भागले असते. ही ठेव जेवते, वाढते, आजारी पडू शकते, आणि सकाळी आमच्या पावलांचा आवाज ओळखून पाण्याच्या वर तोंड काढते व चूळ भरल्यासारखी पिचकारी मारते.

या माशाची ख्याती अर्थातच त्याच्या फुगण्याची आहे. संकट जाणवताच तो भराभर पाणी गिळतो. ते पाणी त्याच्या जठरात जाते. या जठराने अन्न पचविण्याचे काम जवळजवळ सोडूनच दिले आहे. ते घड्या घातलेल्या पिशवीसारखे असते, आणि पाणी शिरताच घड्या उलगडत जातात. बरगड्या आड येत नाहीत, कारण त्या त्याला नाहीतच. कातडी ताणली जाते, आकारमान जवळजवळ तिप्पट होते, मिटलेले काटे चहूकडे ताठ उभे राहतात आणि माशाचा चेंडू बनतो. तरुण चार्ल्स डार्विनने 1832 मध्ये ब्राझीलच्या बाहिया बंदराजवळ पकडलेल्या अशा एका माशाचे निरीक्षण केले होते. तो चावू शकतो, तोंडातून पाणी फेकू शकतो, आणि त्याच्या पोटाच्या कातडीतून कागदाला डाग पाडणारा सुंदर लाल रंग निघतो, असे त्याने आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले आहे. फॉरेस गावच्या एका डॉक्टरांकडून ऐकलेली एक हकिकतही त्याने तेथेच दिली आहे: शार्कने गिळलेला असा मासा जिवंत राहून शार्कचे जठर व कूस कुरतडून बाहेर पडतो, आणि मरतो तो शार्कच. ऐकीव पुरावा न्यायालयात ग्राह्य धरीत नाहीत हे आम्हांस ठाऊक आहे; पण दुर्बलाचा पक्ष घेणाऱ्या कोणालाही ही साक्ष खरी ठरावी असेच वाटेल. पॅसिफिक महासागरातील किरिबाटी बेटांवरचे योद्धे पूर्वी याच माशाची फुगवून वाळविलेली कातडी शिरस्त्राण म्हणून डोक्यावर घालीत. ती शिरस्त्राणे आज जगातील अनेक संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

चतुर्थीला घर भरते. पाच दिवस येणारा जाणारा प्रत्येक पाहुणा आरती झाली की टाकीपाशी येतो आणि एकच मागणी करतो: "फुगवून दाखवा ना!" लहान मुले काचेवर टिचक्या मारतात, मोठी माणसे त्यांना दटावल्यासारखे करतात आणि मासा फुगतो का हे तिरप्या डोळ्याने पाहतात. आम्ही नकार देतो. हे फुगणे म्हणजे त्याचा खेळ नव्हे, ती त्याची अखेरची तक्रार आहे. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी याच्या जवळच्या नात्यातल्या एका माशावर प्रयोग केले. फुगलेल्या अवस्थेत तो श्वास रोखून धरतो ही जुनी समजूत त्यांनी खोटी ठरविली. परंतु फुगण्याचे श्रम इतके मोठे असतात की, त्याचा श्वासोच्छ्वास पूर्वपदावर यायला कित्येक तास लागतात, हेही दाखवून दिले. पाण्याबाहेर काढून फुगविला तर तो हवा गिळतो, आणि ती हवा बाहेर टाकणे त्याला जड जाते. चार वर्षांत आम्ही त्याला दोनदाच फुगलेला पाहिला. एकदा पंपाची नळी निसटून त्याच्या अंगावर पडली तेव्हा, आणि एकदा मध्यरात्री, कोणतेही कारण नसताना. त्या दुसऱ्या वेळी तो क्षणभर गोल झाला, आणि मग आपले आपणच पाणी सोडून पूर्ववत पोहू लागला. अवयव ठीक चालतात की नाही हे त्याने तपासून पाहिले असावे.

खाऱ्या पाण्याचे घरगुती तळे सांभाळणे हे काम वरून दिसते त्याहून कष्टाचे आहे. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने 1854 च्या आपल्या ग्रंथाने रूढ केला. मुंबईकरांना मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाने 1951 पासून समुद्राचे हे काचेतले दर्शन घडविले. घरातले समुद्राचे दर्शन मात्र रोजच्या मोजमापावर चालते. एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार हवेत. गोमंतकात समुद्र दाराशी आहे, मग घागरी भरून आणल्या म्हणजे झाले, असे कोणालाही वाटेल. पण पावसाळ्यात मांडवी आणि जुवारी इतके गोडे पाणी किनाऱ्याशी आणून ओततात की, त्या पाण्याचा खारेपणा भरवशाचा राहत नाही. मिठागरातले मीठही चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे जे पदार्थ असतात ते मीठ जमताना बरेचसे मागे राहतात. म्हणून तयार क्षारमिश्रण आणून ते शुद्ध पाण्यात विरघळवावे लागते. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, क्षार मागेच उरतात. अशा वेळी वरून घालायचे ते गोडे पाणी. खारे घातले तर पाणी उत्तरोत्तर कडक होत जाते.

याहून नाजूक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. माशाच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो आणि तो त्याला विषासारखा आहे. टाकीतल्या दगडांवर व गाळणीत राहणारे सूक्ष्म जंतू या अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि दुसरे जंतू नायट्राइटचे त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. जंतूंची ही वसाहत नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासा सोडायचा नाही. जंतूंनाही प्राणवायू लागतो. आषाढातल्या वादळी रात्री वीज गेली आणि पंप थांबला की प्रथम गुदमरतात ते हे अदृश्य सफाई कामगार, आणि त्यांच्या मागोमाग मासा. म्हणून आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या निरांजनाइतकीच विजेरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपाची काळजी घेतली जाते.

खरा पेच मात्र अन्नाचा. साळिंदरमासा मांसाहारी आहे, तोही कवचाच्या प्राण्यांवर जगणारा. शिंपले, खेकडे, समुद्री साळू यांची कवचे फोडून खाण्यासाठीच ती चोच आहे. दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजावेत म्हणून त्याला कवचासकट अन्न द्यावे लागते. नुसती सोललेली सुंगटे घालून त्याला पोसले तर दात वाढून तोंड मिटेनासे होते आणि तो उपाशी मरतो. म्हणून तिसऱ्या, खुबे, कधी लहान कुर्ली, असा त्याचा बाजार होतो. रात्री वसरीवर सामसूम झाली की टाकीतून कट्‌ असा आवाज येतो. ती तिसरी फुटल्याची खूण.

आमचे घर मासे खाणारे आहे. पण श्रावणात नाही. श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून चतुर्थी उरकेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात नुस्ते शिरत नाही, ही चाल आमच्या आजोबांच्याही आधीची. भाचा गेल्यानंतर पहिलाच श्रावण आला तेव्हा आत्याने सकाळी टाकीपुढे उभे राहून आम्हांला विचारले, "तुज्या नुस्त्याक श्रावण ना रे?" प्रश्न थट्टेने विचारला होता, पण त्याच्या तळाशी थट्टा नव्हती. आत्या ऐंशीच्या घरात आहे. सोमवार, एकादशी, देवाची पालखी, सारे तिचे. ज्या घरात श्रावणात कांदासुद्धा तिच्या डोळ्यांआड चिरतात, त्या घरात दिवसाआड जिवंत तिसऱ्या येणार, याचा निकाल तिच्याशिवाय कोणी देऊ शकत नव्हते. दोन दिवस ती काही बोलली नाही. त्या दोन दिवसांत आम्ही मुकाट्याने देवळात जाऊन आलो, आणि मासाही नेहमीप्रमाणे वर येऊन पिचकाऱ्या मारीत राहिला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "व्रत जो घेता ताका. तो मुको जीव, ताणें खंय घेतलां?" आणि तिने आपली व्यवस्था सांगितली. तिसऱ्या मागल्या दाराने याव्यात, वसरीवरच्या वेगळ्या भांड्यात राहाव्यात, स्वयंपाकघराची विळी त्यांना लागू नये, आणि घालणाऱ्याने हातपाय धुऊनच देव्हाऱ्याकडे जावे.

व्रत संकल्पाने होते आणि संकल्प करणाऱ्यालाच बांधते, हे तत्त्व आम्ही महाविद्यालयात करारशास्त्राच्या रूपाने शिकलो होतो. आत्याने ते करारशास्त्र न वाचता सांगितले. तरीही या निकालाने आमचे मन पुरते शांत झाले असे म्हणता येणार नाही. शिबी राजाला शरण आलेल्या कबुतराचे रक्षण करायचे होते, पण ससाण्यालाही उपाशी ठेवायचे नव्हते. त्याने आपले स्वतःचे मांस तोलून दिले. आम्ही तिसऱ्यांचे देतो. एका जिवाला मत्स्यन्यायातून सोडवून काचेत आणले, आणि त्याच काचेत दर दिवसाआड तो न्याय आमच्याच हाताने चालतो. 1960 च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' या शब्दाची व्याख्या मनुष्याखेरीज कोणताही सजीव अशी आहे. म्हणजे तिसरीही प्राणीच. माणसाच्या अन्नासाठी जीव मारण्याला त्या कायद्याने अपवाद दिला आहे. माशाच्या अन्नाचा विचार कायदा करणाऱ्यांच्या मनात आलेला दिसत नाही. आत्याच्या मनात तो आला, एवढे खरे.

देवळांच्या परिसरात वाढलेल्या आपल्या समाजाला मासा खाणे आणि मासा राखणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. देवळाच्या तळीतल्या माशाला कोणी गळ लावीत नाही. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर यात्रेकरू माशांना मुरमुरे घालतात. महाडच्या बाजूस काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे; तेथले मासे वरदायिनी देवीचे मानले जातात आणि म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या जिवंत आहेत. या साऱ्या ठिकाणी माणसाने माशासाठी केले काय, तर त्याला त्याच्याच पाण्यात राहू दिले. त्याचे पाणी काढून घेऊन त्याला आपल्या वसरीवर आणले की जबाबदारीचे स्वरूप बदलते. वरील 1960 च्या कायद्याचे 11 वे कलम असेही सांगते की, प्राण्याला हालचाल करण्यास पुरेशी लांबी, रुंदी व उंची नसलेल्या पिंजऱ्यात अथवा पात्रात ठेवणे हा गुन्हा आहे. 2014 साली जल्लीकट्टूच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्याच्या प्रतिष्ठेचा विचार केला आणि भूतदयेला नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविणाऱ्या राज्यघटनेच्या 51-अ कलमाचा आधार घेतला. तेथे प्रश्न बैलांचा होता. पण तत्त्वाला शिंगे नसतात.

मासा आमच्याकडे आला तेव्हा चार बोटांएवढा होता. आता तो वीतभर झाला आहे. त्याची जात निसर्गात अर्ध्या मीटरपर्यंत वाढू शकते, आणि नीट सांभाळले तर दहा वर्षांहून अधिक जगते. भाच्याची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे 250 लिटरांची. गेल्या वर्षापासून तो एका टोकाकडून दुसरीकडे जातो तेव्हा वळताना त्याची शेपटी काचेला लागते. स्नेही मंडळी सल्ला देतात, "समुद्र येथून अर्ध्या तासावर आहे. सोडून द्या." सल्ला दयेचा वाटतो, पण तसा नाही. दुकानातून आलेला मासा कोणत्या समुद्रातला, त्याच्या अंगावर कोणता रोग आहे, हे कोणास ठाऊक? हाताने भरविलेल्या माशाला भक्ष्य शोधता येईल की नाही, हाही प्रश्नच. शिवाय परक्या समुद्रातला जीव सोडल्याने काय होते याचा पुरावा उपलब्ध आहे. आपल्या बाजूच्या समुद्रातला लायनफिश 1985 मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर प्रथम दिसला, बहुधा कोणा हौशी माणसाच्या टाकीतून सुटलेला किंवा सोडलेला. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरला असून तेथले लहान मासे फस्त करीत आहे. एका जिवावरची दया हजारांवरचा मत्स्यन्याय ठरली.

अशा वेळी आम्हांला पुन्हा मनूच आठवतो. शतपथ ब्राह्मणातली ती कथा सर्वांना ठाऊक आहे. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक लहान मासा आला आणि म्हणाला, माझे रक्षण कर. मोठे मासे लहानांना खातात. मनूने त्याला घड्यात ठेवले. घडा पुरेना तेव्हा खड्डा खणून त्यात ठेवले. खड्डा पुरेना तेव्हा समुद्रात नेले. पुढे जलप्रलय झाला आणि त्याच माशाने मनूची नौका ओढून नेली, हा कथेचा उत्तरार्ध कीर्तनकार रंगवून सांगतात. आमचे लक्ष पूर्वार्धाकडे जाते. माशाला एकदा पदरात घेतल्यावर दर खेपेस पात्र मोठे करण्याचे काम मनूने टाळले नाही. मत्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने राजा म्हणून याच मनूला निवडले, ही दोन जुन्या ग्रंथांतली गाठ आम्हांला योगायोगाची वाटत नाही. ज्याने एका माशासाठी तीनदा जागा बदलून दिली, त्याच्यावर प्रजेने विश्वास टाकला तर नवल नाही.

तेव्हा आम्ही सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी सांगितली आहे. तिच्यात सुमारे 680 लिटर पाणी मावेल आणि पहिल्या भरणीला सुमारे 24 किलो क्षार लागतील. एवढी जागा घरात एकच होती: आमच्या कचेरीच्या खोलीतील ती भिंत, जिच्याशी निवाड्यांच्या जुन्या खंडांचे कपाट होते. खंड माळ्यावर गेले. ते निवाडे आता संगणकावर सापडतात, ही सबब आम्ही घरी सांगितली. पण वडिलांच्या हातचे पेन्सिलीचे टिपण असलेले खंड उतरवताना आमचे हात थोडे रेंगाळले, हे आत्याने पाहिले. भाच्याला फोन करून निक्षेप परत हवा आहे का, हे रीतसर विचारले. त्याने विचारायला वेळ घेतला आणि मग म्हणाला, "मामा, तो तुमच्याकडेच ठेवा. येईन तेव्हा भेटेन." ठेव ठेवणाऱ्याने ठेवीवरचा हक्क सोडला, म्हणजे आमचे बंधन संपले, असा अर्थ कोणी वकील काढील. आम्ही काढला नाही.

नवी टाकी परवा आली. सुताराने चौथरा घातला, पाणी भरले, क्षार विरघळले, जुन्या टाकीतले दोन दगड जंतूंच्या विरजणासाठी तिच्यात ठेवले. आता पाणी मुरेपर्यंत थांबायचे. पक्षकार येतात, एवढी मोठी रिकामी टाकी पाहतात आणि आत काय आहे म्हणून विचारतात. सध्या तरी पाणी आहे, असे आम्ही सांगतो, आणि त्यांचे कागद पुढे ओढतो.